"सोडून द्या ना समुद्रात!" : ऑर्का-डॉल्फिन सुखात आहेत की नाहीत हे कळतं तरी कसं?

फ्रान्समध्ये आंतिब म्हणून समुद्रकाठचं एक शहर आहे, तिथलं मरीनलँड नावाचं, डॉल्फिन आणि ऑर्का (म्हणजे किलर व्हेल, डॉल्फिनच्याच कुळातला मोठा काळा-पांढरा प्राणी) यांचं मोठं पार्क ५ जानेवारी २०२५ ला कायमचं बंद झालं. २०२१ मध्ये तिकडे कायदा झाला होता की डिसेंबर २०२६ पासून या प्राण्यांचे शो करता येणार नाहीत, म्हणून पार्कवाल्यांनी आधीच गाशा गुंडाळला. तिकीट खिडकी बंद झाली, प्रेक्षक यायचे थांबले, पण विकी नावाची ऑर्का मादी आणि तिचा मुलगा केइजो हे दोघं त्याच टँकमध्ये मागे राहिले. विकीचा जन्म २००१ चा, केइजोचा २०१३ चा, दोघंही टँकमध्येच जन्मले, उघडा समुद्र त्यांनी कधी पाहिलेलाच नाही. जपानला पाठवायचा बेत सरकारने अडवला. मग स्पेनमधल्या टेनेरिफ बेटावरच्या एका पार्काचं नाव पुढे आलं, तर एप्रिल २०२५ मध्ये स्पेनच्या तज्ज्ञांनी सांगितलं की तिथले टँक या दोघांना पुरेसे नाहीत, म्हणजे तेही बारगळलं.

ही गोष्ट कुणालाही सांगा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मग सोडून द्या ना समुद्रात!" मलाही आधी अगदी तेच वाटायचं. पण या विषयावर वाचत गेलो तसतसं लक्षात आलं की "त्यांच्यासाठी काय चांगलं" हे आपण आपल्या डोळ्यांनी ठरवतो आणि तिथेच घोटाळा होतो. प्राण्यालाच विचारायला हवं. आणि विचारता येतं, खरंच येतं, त्यासाठी गेल्या काही वर्षांत भन्नाट पद्धती निघाल्यात. तेच आज सोपं करून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी "वेल्फेअर" म्हणजे काय ते बघू

समुद्री सस्तन प्राणी म्हणजे समुद्रात राहून पिल्लांना दूध पाजणारे, हवेत श्वास घेणारे प्राणी. देवमासे, डॉल्फिन, ऑर्का, बेलुगा (पांढरा छोटा देवमासा), सील, सी लायन, डुगाँग (समुद्रगाय) हे सगळे त्यात आले. (देवमासा हा मासा नाही हे शाळेत शिकलेलो असतो, पण इथे ते फार महत्त्वाचं आहे कारण पाण्यात राहून श्वासाला वर यावं लागणं ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, झोपसुद्धा त्यावर ठरते.)

वेल्फेअर हा शब्द आपण "काळजी घेणे" या अर्थाने वापरतो, पण शास्त्रज्ञ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. काळजी म्हणजे आपण जे देतो ते. वेल्फेअर म्हणजे प्राण्याला आतून जे वाटतं ते. हॉस्टेलला राहणारं एखादं पोर डोळ्यासमोर आणा, जेवण वेळेवर, खोली स्वच्छ, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण, आणि पोरगं रात्री उशीत तोंड खुपसून रडतंय. काळजी शंभर टक्के, वेल्फेअर जवळपास शून्य. उलटंही होतं, सोयी बेताच्या असतात पण पोरगं मित्रांमध्ये रमलेलं असतं.

या विचाराची सुरुवात समुद्रातून झालीच नाही, ती झाली गोठ्यातून. १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये शेतीतल्या जनावरांवर एक सरकारी अहवाल आला, त्यातून पुढे १९७९ मध्ये "पाच स्वातंत्र्यं" मांडली गेली: भूक-तहान नको, गैरसोय नको, दुखणं-आजार नको, भीती नको, आणि स्वभावाप्रमाणे वागायला मोकळीक हवी. नीट बघितलं तर पाचातली चार "नको" वाली आहेत. म्हणजे त्रास नसला की झालं, असा सूर. १९९४ मध्ये न्यूझीलंडच्या डेव्हिड मेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने याला नवीन रूप दिलं: खाणंपिणं, परिसर, तब्येत, वागणं हे चार भाग, आणि या चारही गोष्टींचा परिणाम ज्याच्यावर होतो तो पाचवा, म्हणजे मन. नंतरच्या सुधारणांमध्ये आनंद, कुतूहल, खेळ असल्या चांगल्या गोष्टींनाही जागा मिळाली. त्रास नसणं आणि मजेत असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे तेव्हापासून कागदावर आलं.

चेहऱ्यावर जाऊ नका

डॉल्फिन सतत हसतो असं आपल्याला वाटतं. तो हसत नाही, त्याच्या जबड्याचा आकारच तसा आहे. आजारी डॉल्फिन तसाच दिसतो, घाबरलेला तसाच दिसतो, मेलेलाही तसाच दिसतो. शोला गेलेल्या लाखो लोकांनी "किती खूश आहे बघ" म्हणत फोटो काढले असतील, त्या फोटोतून डॉल्फिनच्या मनातलं काहीही कळत नाही.

पण याच न्यायाने उलटी घाईपण करू नये. टँकमध्ये एखादा डॉल्फिन बराच वेळ गोल गोल फिरताना दिसला की लोक म्हणतात वेडा झालाय. कधी कधी खरंच तसं असतं, पिंजऱ्यातला वाघ येरझाऱ्या घालतो तसं. आणि कधी कधी तो फक्त झोपलेला असतो! डॉल्फिन एका वेळी अर्धाच मेंदू झोपवतो, उरलेला अर्धा श्वासासाठी आणि आजूबाजूला लक्ष ठेवायला जागा असतो, आणि अशा झोपेत तो बऱ्याचदा संथपणे गोल फिरत राहतो. आता काठावर उभं राहून पाच मिनिटं बघणाऱ्याने यातलं कुठलं ते कसं ओळखायचं? नाही ओळखता येत. वेळ कोणती, वेग किती, बरोबर कोण आहे, हाक मारली तर लगेच थांबतो का, हे सगळं दिवसेंदिवस लिहून ठेवावं लागतं.

शरीर काय सांगतं: कॉर्टिसॉलची गोष्ट

ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं, आपल्यातही आणि देवमाशातही. ते मोजलं की ताण कळला, इतकं सोपं वाटतं. तसं नाहीये. कॉर्टिसॉल हे घामासारखं आहे, परीक्षेच्या आधी घाम फुटतो आणि मनसोक्त नाचलं तरी फुटतो. नुसता घाम बघून कारण सांगता येत नाही.

शिवाय सॅम्पल कशाचं घेतलं यावरही सगळं ठरतं. रक्त म्हणजे एका क्षणाचा फोटो, आणि तो काढायला प्राण्याला धरलं तर त्या धरण्याचाच ताण फोटोत येतो. विष्ठेत त्याआधीच्या काही तासांची किंवा दिवसाभराची गोळाबेरीज असते. देवमासा पाण्यावर येऊन फुस्सकन श्वास सोडतो त्या तुषारांतही हार्मोन सापडतात, ते टिपायला आता ड्रोन वापरतात, ड्रोनला प्लेट लावायची आणि बरोबर त्या फवाऱ्यातून न्यायचा. आणि मग येतो माझा सगळ्यात आवडता प्रकार, कानातला मळ.

मोठ्या देवमाशांच्या कानात मळ आयुष्यभर साठत जातो, बाहेर पडत नाही. साधारण सहा-सहा महिन्यांचा एकेक थर, फिकट, गडद, फिकट, गडद, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखा. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ जहाजाच्या धडकेत एक निळा देवमासा मेला, त्याच्या कानातली मळाची कांडी जवळजवळ २५ सेंटिमीटर लांब निघाली. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी ती थराथराने तपासली आणि त्या नराचं जन्मापासूनचं चरित्रच हातात आलं, वयात कधी आला, कॉर्टिसॉल कसं वाढत गेलं, कीटकनाशकांसारखी विषं अंगात कधी शिरली (पहिल्याच वर्षात बरीच, म्हणजे आईकडून आलेली). मग त्याच टीमने संग्रहालयांत जपून ठेवलेल्या मळाच्या कांड्याही धरून २० देवमाशांचा अभ्यास २०१८ मध्ये छापला, त्यातला काळ १८७० ते २०१६! शिकार वाढली की कॉर्टिसॉल वर, शिकार कमी झाली की खाली, आलेख जवळजवळ हातात हात घालून चाललेले. अपवाद दुसऱ्या महायुद्धाचा. तेव्हा शिकारी जहाजं युद्धाला लागल्यामुळे शिकार घटली होती, तरी देवमाशांचा ताण वाढलेला दिसतो. जहाजं, पाणबुड्या, पाण्यातले स्फोट. माणसं एकमेकांशी लढत होती आणि ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्यांच्या कानात ते लिहिलं जात होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटवलं नव्हतं.

अजून एक उदाहरण द्यायलाच हवं. उत्तर अटलांटिकमध्ये राइट व्हेल नावाचे देवमासे आहेत, आता जगात चारशेहूनही कमी उरलेत. त्यांची विष्ठा पाण्यावर थोडाच वेळ तरंगते म्हणून ती शोधायला बोटीवर वास काढणारे कुत्रे नेतात, कुत्रा नाक ज्या बाजूला वळवेल तिकडे बोट वळवायची. कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात २००१ मध्ये हे काम चालू होतं आणि ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. जहाजांची ये-जा एकदम कमी झाली. पाण्यातला आवाज ६ डेसिबलने उतरला, मुख्यतः खालच्या पट्टीतला, ज्यात हे देवमासे एकमेकांशी बोलतात तोच. आणि विष्ठेतली ताणाची हार्मोन्सही उतरली. नंतरच्या वर्षांत तेवढी कमी कधी दिसली नाहीत. हा प्रयोग कुणी ठरवून करूच शकलं नसतं. जहाजांच्या घरघरीत जगणं हा त्यांच्यासाठी रोजचाच ताण होता, इतका रोजचा की तो थांबल्यावरच कळला.

मग कॉर्टिसॉल कमी म्हणजे सुखी, बरोबर?

नाही, आणि हा मुद्दा फार जणांच्या नजरेतून सुटतो. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खणणाऱ्या फलाटाच्या अपघाताने मोठी तेलगळती झाली. पुढच्या वर्षी लुइझियानातल्या बाराटारिया उपसागरातले डॉल्फिन थोडा वेळ पकडून तपासले आणि फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरातल्या डॉल्फिनशी त्यांची तुलना केली. (सारासोटाच का, तर तिथल्या डॉल्फिनवर १९७० पासून सलग लक्ष ठेवलेलं आहे, कोण कुणाची मुलगी, कोण कुणाची पणती सगळं माहीत, एक मादी तर ६७ वर्षांची होईपर्यंत नोंदीत होती.) बाराटारियाच्या डॉल्फिनमध्ये फुप्फुसाचा मध्यम ते गंभीर आजार असण्याची शक्यता पाचपट निघाली, आणि त्यांचं कॉर्टिसॉल कमी होतं! पकडल्यावर वाढायला हवं तेवढं वाढतच नव्हतं, कारण ते बनवणारी ग्रंथीच बिघडली होती. बॅटरी संपलेला अलार्म वाजत नाही म्हणून घरात आग नाही असं थोडंच असतं.

म्हणून आता कुणी शहाणा माणूस एकाच आकड्यावर निकाल देत नाही. २०१५ मध्ये इझाबेला क्लेग आणि सहकाऱ्यांनी टँकमधल्या डॉल्फिनसाठी एक पद्धत तयार केली, त्यात तब्बल ३६ मोजमापं आहेत, वजन, त्वचा, डोळे, अंगावरचे ओरखडे, कोण कुणाबरोबर पोहतो इथपर्यंत. आणि त्यातली बरीचशी प्राण्याकडे बघून घ्यायची आहेत, फक्त टँकची लांबी-रुंदी मोजून नाही.

मनातलं विचारायचं कसं?

समजा तुम्हाला मेसेज आला, "जरा बोलायचं होतं, उद्या भेट." बस एवढंच. दिवस चांगले चालले असतील तर वाटतं काहीतरी छान असेल, दिवस वाईट असतील तर रात्रभर झोप नाही. मेसेज तोच, अर्थ आपल्या मनःस्थितीने लावला. शास्त्रज्ञांनी डॉल्फिनला असाच मेसेज पाठवला.

डॉल्फिनला शिकवलं की एका टोकाच्या खुणेला हात लावून, म्हणजे तोंड लावून, परत आलास तर आवडता मासा, आणि दुसऱ्या टोकाच्या खुणेवरून परत आलास तर फक्त टाळ्या आणि कौतुकाची नजर. माशाच्या बाजूने ते सुसाट परत येतात हे वेगळं सांगायला नको. नंतर खूण मधेच ठेवली, ना इकडे ना तिकडे. आता परत येताना डॉल्फिन कसा येतो? जोरात आला तर "मासाच मिळणार" असं धरून चाललाय, रेंगाळत आला तर "छे, टाळ्याच असणार". २०१७ मध्ये छापलेल्या या अभ्यासात दिसलं की जे डॉल्फिन रोजच्या आयुष्यात सोबत्याबरोबर जास्त जवळिकीने, जोडीजोडीने पोहत होते, ते या मधल्या खुणेचा अर्थ जास्त आशेने लावत होते. डॉल्फिन आठच होते, म्हणजे यावर इमले बांधायचे नाहीत. पण म्हणजे मैत्री असलेला डॉल्फिन आशावादी असतो, हे कुणीतरी मोजून दाखवलं, यानेच मी खूश झालो होतो.

दुसरी पद्धत आहे वाट बघण्याची. काहीतरी छान होणार हे आधी कळलं तर प्राणी त्या दिशेने वारंवार बघतो, डोकं वर काढून काठाकडे डोकावतो. २०१८ च्या अभ्यासात पॅरिसजवळच्या एका पार्कातल्या डॉल्फिनना वेगवेगळ्या आवाजांनी आधी सूचना दिली, एका आवाजानंतर खेळणी येणार, एका आवाजानंतर ओळखीचा माणूस खेळायला येणार, एकानंतर काहीच नाही. सगळ्यात जास्त वाट त्यांनी माणसाची बघितली. लगेच पार्कवाले म्हणाले बघा आमच्यावर किती प्रेम, आणि विरोधक म्हणाले बिचाऱ्यांना दुसरं करायला आहेच काय. माझ्या मते दोन्ही बोलणी एकाच वेळी खरी असू शकतात. फार जास्त आतुरता हे कधी कधी बाकीचा दिवस रिकामा असल्याचंही लक्षण असतं, दिवसभर घरात एकटं असलेलं पोर दार वाजलं की कसं धावतं तसं.

रोजची काळजी: बादलीतला मासा आणि शेपटीतली सुई

आता थोडं जमिनीवर येऊ. डॉल्फिन रोज आपल्या वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के मासे खातो, म्हणजे २०० किलोचा असेल तर ८ ते १२ किलो. आणि तो पाणी पीत नाही, खारं पाणी पिऊन करणार काय, त्याला लागणारं पाणी माशातून आणि चरबी पचवताना मिळतं. टँकमध्ये जो मासा देतात तो फ्रीझ केलेला. फ्रीझ करण्यात आणि वितळवण्यात पाणी आणि जीवनसत्त्वं दोन्ही कमी होतात, शिवाय काही माशांमध्ये बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एंझाइम असतं. म्हणून मासा हळूहळू फ्रिजमध्येच वितळवायचा, गरम पाण्यात टाकायचा नाही, आणि जीवनसत्त्वाची गोळी माशाच्या कल्ल्यामागे खुपसून द्यायची. पाणी कमी पडतंय असं वाटलं तर जिलेटिनचे ठोकळे, जे बहुतेक पाणीच असतं. कुठल्या बादलीतून कुणाला किती गेलं ते दर वेळी लिहायचं, कारण हे प्राणी आजार लपवतात आणि "आज एक मासा सोडला" ही कधी कधी पहिली आणि एकमेव सूचना असते.

रक्त घेण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. पूर्वी जाळं टाकायचं, पाणी उपसायचं, सहा-सात जणांनी दाबून धरायचं आणि सुई मारायची. आता डॉल्फिन काठाशी येतो, उताणा होतो, शेपटीचा पसरट पंखा ट्रेनरच्या मांडीवर ठेवतो आणि निपचित पडून राहतो. उताणा म्हणजे डोक्यावरची नाकपुडी पाण्याखाली, म्हणजे त्याने श्वास रोखून धरलाय. डॉक्टर शेपटीवर बोट फिरवून रक्तवाहिनीची बारीक खाच शोधतो, पुसतो, पातळ सुई घालतो, नळीत रक्त चढत जातं. ट्रेनरचा हात शेपटीवर नुसता टेकलेला असतो, आवळलेला नसतो, कारण डॉल्फिनने शेपूट काढून घेतली तर जाऊ द्यायचं हाच नियम. मग शिट्टी वाजते, म्हणजे "झालं, शाब्बास", तो उलटतो, श्वास सोडतो आणि तोंड उघडून वर येतो. हे शिकवायला आठवडे-महिने लागतात, आधी नुसता स्पर्श, मग ओला कापूस, मग बोथट टोक, मग खरी सुई. पण एकदा शिकला की सोनोग्राफी, श्वासाचं सॅम्पल, दात तपासणं सगळं असंच.

डोळ्यांचंही सांगतो कारण ते कुणाच्या लक्षातच येत नाही. टँकमधल्या सी लायन आणि सीलना मोतीबिंदूचा त्रास बऱ्याच प्रमाणात होतो. २०१० च्या एका अभ्यासात वय, आधीची मारामारी यांच्याबरोबर पुरेशी सावली नसणं हे कारणही दिसलं. समुद्रात हे प्राणी बराच वेळ खोल अंधुक पाण्यात असतात, आणि इथे फिकट निळा रंग दिलेला टँक, वरून ऊन, खालून त्या उन्हाची चमक, आणि दिवसातून कितीदा तरी मान वर करून माशासाठी माणसाकडे बघायचं, माणसाच्या डोक्यामागे सूर्य. उपाय साधे आहेत: टँकचा रंग गडद करा, सावली करा, ट्रेनरने उभं राहायची बाजू बदला.

"पण ट्रेनिंग म्हणजे उपाशी ठेवून छळच ना?"

काही ठिकाणी तसं झालेलं आहे आणि होतही असेल, ते लपवायचं काही कारण नाही. पण चांगल्या पद्धतीत दिवसाचं खाणं ठरलेलं असतं, प्राण्याने काम केलं नाही तरी ते त्याला मिळतंच. आणि वर सांगितलेला रक्ताचा प्रसंग हे ट्रेनिंगचंच फळ आहे. मला स्वतःला शोमधल्या उड्या आणि शेपटी हातात देणं यांना एकाच तराजूत घालणं पटत नाही. उडी आपल्यासाठी आहे, शेपूट त्याच्यासाठी.

"टँक मोठा केला की प्रश्न मिटला"

२०२१ मध्ये ७ देशांतल्या ४३ संस्थांमधल्या डॉल्फिन-बेलुगांवर एक मोठा अभ्यास आला. त्यात निघालं की टँकच्या आकारापेक्षा रोज काय घडतं याचा संबंध वेल्फेअरशी जास्त आहे, नवीन वस्तू, नवीन कोडी, कधी काय येईल याचा अंदाज न लागणं, सोबत कोण आहे. मोठ्या घरात एकटा माणूस आणि छोट्या घरात गोतावळ्यातला माणूस, असं काहीसं.

पण थांबा. हा अभ्यास प्राणिसंग्रहालयांशी जोडलेल्या लोकांनी केला, भाग घेतलेल्या संस्था मान्यताप्राप्त होत्या, आणि तुलना टँकची टँकशी होती, समुद्राशी नव्हे. सगळेच टँक समुद्रापुढे थेंबभर असतील तर दोन थेंबांत फार फरक दिसणार तरी कसा? आणि दिवसाला शंभर किलोमीटरही सहज कापू शकणाऱ्या ऑर्काला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणं तर मुळीच बरोबर नाही.

"जंगलात तरी कुठे सुख आहे?"

हाही प्रश्न रास्त आहे. मासेमारीच्या जाळ्यात चुकून अडकून दरवर्षी सुमारे ३ लाख डॉल्फिन-देवमासे मरतात असा अंदाज वारंवार दिला जातो. आवाज, जहाजांच्या धडका, तेल, हे वर आलंच. पण समुद्र आपण बिघडवला म्हणून टँक चांगला ठरतो, हा युक्तिवाद मला कधीच पचलेला नाही. यातून निघतं ते एवढंच की वेल्फेअरचा विचार टँकपुरता ठेवून चालणार नाही.

जंगली प्राण्यांच्या काळजीचं गणित तर पूर्ण उलटं असतं. कॅलिफोर्नियात सॉसालिटो इथे १९७५ पासून आजारी सील आणि सी लायनचं हॉस्पिटल आहे. विषारी शेवाळामुळे माशांतून डोमोइक ॲसिड पोटात जाऊन फिट येणारे सी लायन १९९८ मध्ये तिथेच पहिल्यांदा ओळखले गेले. अशा हॉस्पिटलमध्ये प्राण्याशी बोलायचं नाही, लाड नाहीत, मधे फळी धरूनच आत जायचं, कारण त्याला माणसाची सवय लागली तर समुद्रात गेल्यावर तो बोटीजवळ जाईल आणि मरेल. टँकमध्ये जी जवळीक औषध आहे तीच इथे विष.

"ते ठीक आहे, पण मग सोडून द्या ना!"

केइको नावाच्या ऑर्काला सोडलं होतं. १९७९ मध्ये आइसलँडजवळ अगदी लहान असताना पकडलेला, पुढे मेक्सिकोतल्या एका टँकमध्ये, सिनेमात दिसल्यामुळे जगभर प्रसिद्ध. लोकांनी पैसे जमवले, १९९८ मध्ये त्याला आइसलँडच्या क्लेट्सविक खाडीत आणलं, शिकार शिकवायचा प्रयत्न केला, २००२ मध्ये तो स्वतःच्या बळावर पोहत नॉर्वेला पोचला. आणि तिथे जाऊन त्याने काय शोधलं, तर माणसं. जंगली ऑर्कांच्या कळपात तो कधी मिसळला नाही. डिसेंबर २००३ मध्ये न्यूमोनियाने गेला. कुणी याला अपयश म्हणतं, कुणी म्हणतं शेवटची पाच वर्षं तरी त्याला समुद्राचं पाणी मिळालं. पण त्याला निदान दोन वर्षांचा समुद्र माहीत होता. विकी आणि केइजोला तोही नाही.

म्हणून आता मधला रस्ता बोलला जातो, खाडीला जाळं लावून केलेलं अभयारण्य, जिथे लाटा, मासे, खोली सगळं खरं, पण खायला घालणारी माणसं आणि डॉक्टर काठावर. २०१९ मध्ये शांघायच्या पार्कातल्या दोन बेलुगा माद्या, लिटल ग्रे आणि लिटल व्हाइट, विमानाने त्याच क्लेट्सविक खाडीशी आणल्या. आधी महिनोन्‌महिने तयारी, स्ट्रेचरवर येऊन शांत पडून राहायची सवय, थंडीसाठी अंगावर चरबी चढावी म्हणून जास्तीचं खाणं. २०२० मध्ये खाडीत उतरवलं, मग परत आतल्या टँकमध्ये आणावं लागलं. २०२३ मध्ये पुन्हा प्रयत्न, तेव्हा लिटल ग्रेला पोटात अल्सर निघाला, पुन्हा आत. ज्यांना वाटतं समुद्र दिसला की प्राणी आनंदाने निघून जाईल त्यांनी या दोघींचं वेळापत्रक बघावं. नवीन पाणी, तळाशी हलणारं शेवाळ, खेकडे, बोटींचे आवाज, वर्षानुवर्षं गुळगुळीत भिंतींमध्ये राहिलेल्या जिवाला हे सगळं भीतीदायक असू शकतं. तरी मला हे प्रयत्न थांबू नयेत असंच वाटतं, फक्त वेग प्राण्याने ठरवावा, आपल्या बातम्यांनी नाही.

आणि पुढे असे प्रश्नच येऊ नयेत यासाठी दार लावणं सुरू झालंय. भारताने २०१३ मध्येच डॉल्फिनचे शो-टँक उभारायला परवानगी देऊ नका असं सांगितलं, सीवर्ल्ड या अमेरिकेतल्या पार्क कंपनीने २०१६ मध्ये ऑर्कांची पैदास थांबवली, कॅनडाने २०१९ मध्ये डॉल्फिन-देवमासे टँकमध्ये ठेवण्यावर बंदीचा कायदा केला. पण जे आधीच टँकमध्ये आहेत त्यांचं आयुष्य अजून बरंच बाकी आहे, कित्येकांचं दशकांचं.

विकी-केइजोबद्दल जागेपेक्षाही आधी बघायची गोष्ट मला वेगळीच वाटते. ईशान्य पॅसिफिकमधल्या मासे खाणाऱ्या ऑर्कांमध्ये मुलगे मोठे झाल्यावरही जन्मभर आईजवळच राहतात. २०१२ मध्ये तिथल्या कित्येक दशकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की तिशी ओलांडलेल्या नराची आई मेली तर पुढच्या वर्षभरात तो मरण्याची शक्यता १४ पट होते. तिशीतला, टनावारी वजनाचा, कुणाला न घाबरणारा नर. केइजो अजून त्याच्या निम्म्याही वयाचा नाही आणि टँकमध्ये त्याला दुसरं कुणीच नाही. तेव्हा खाडी मिळो की दुसरा टँक, दोघांना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी नेता येणार का, हे विचारून मगच पुढचे कागद हलवावेत.